अक्षर खांद्यातून उतरतं

पाच वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे काढला तर मनगटाच्या ठिकाणी बरीच मोकळी जागा दिसते. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ही आठही कूर्चेची असतात, म्हणून एक्स-रेत दिसतच नाहीत. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं दिसू लागतात, तिसऱ्या वर्षाच्या आसपास तिसरं, मग एकेक करत सहा-सात वर्षांपर्यंत सात होतात. आठवं, वाटाण्याएवढं हाड, आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी उगवतं. मुलींमध्ये हे सगळं मुलांपेक्षा थोडं आधी घडतं. मनगट कच्चं म्हणून मूल लिहू शकत नाही, असं सरळ गणित मात्र मांडू नये. लिहिण्यासाठी हाडापेक्षा स्नायूंवरचा ताबा आणि मेंदूची तयारी जास्त लागते. पण ज्या हातात आपण तिसऱ्या वर्षी पेन्सिल कोंबतो तो हात अजून बनतोच आहे, एवढं त्या एक्स-रेतून नक्की दिसतं.

शिरपूर जैन हे वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे त्याचं नाव दूरदूरच्या यात्रेकरूंना ठाऊक आहे. ही पुस्तिका मात्र इथं राहणाऱ्यांसाठी आहे: सोयाबीन-तुरीची शेती, मजुरी, दुकानदारी करणाऱ्या घरांसाठी आणि अंगणवाडीतल्या ताईंसाठी. विषय तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हालचालींचा. धावणं, चढणं, उडी मारणं, तोल सांभाळणं हे मोठ्या स्नायूंचं काम. चिमटीत धरणं, ओवणं, बटण लावणं, रेघ ओढणं हे बारीक स्नायूंचं. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या सुमारास अंगणवाडीच्या दारात आई किंवा आजोबा बहुधा एकच प्रश्न घेऊन उभे असतात, ‘‘पोट्टं लिवाले लागलं का नाई?’’ पोरगं एका पायावर किती वेळ उभं राहतं, स्वतःच्या हातानं सांडल्याशिवाय जेवतं का, हे कोणी विचारत नाही. केजीत जाणाऱ्या शेजारच्या मुलाची वही भरलेली असते आणि भरलेली वही पाहुण्यांना दाखवता येते. पोरगं धुऱ्यावरून न पडता चाललं, हे दाखवायचं कुणाला?

माझं म्हणणं असं, की ज्यांना वहीचीच घाई आहे त्यांनीही आधी धुऱ्याकडे वळावं.

शरीरावरचा ताबा वरून खाली आणि आतून बाहेर येत जातो. बाळ आधी मान सावरतं, मग बसतं, मग उभं राहतं. हातही तसाच आधी खांद्यातून हलतो, मग कोपरातून, मग मनगटातून, आणि शेवटी बोटं सुटी होतात. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात खांद्यापासून फिरवतं. दोन-तीन वर्षांचं झालं की बोटं खाली वळवून धरतं. हालचाल कोपराकडे उतरते. साडेतीन-चारच्या पुढे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तीन बोटांची पकड दिसू लागते, पण तेव्हाही हलतं ते मनगटच. बोटांच्या पेरांतून बारीक हालचाल करत लिहिणं साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमाराला जमतं. हात धरून गिरवून घेतलं म्हणून यातली पायरी सहसा लवकर येत नाही. पाठ आणि खांदे भक्कम नसलेल्या मुलाला बारीक अक्षर काढायला लावणं म्हणजे चालत्या बंडीत बसून सुईत दोरा ओवायला सांगणं. मग ते पोरगं एका हातावर रेलतं, जीभ बाहेर काढतं, पेन्सिल दाबून मोडतं, आणि आपण म्हणतो, याचं अभ्यासात लक्षच नाही.

त्यात आपल्या लिपीची वेगळीच गंमत आहे. वर्णमालेचा क्रम तोंडाच्या सोयीनं लागलेला आहे: कंठातले उच्चार आधी, मग तालूचे, असं करत ओठांपर्यंत. उच्चारांची मांडणी म्हणून तो क्रम अप्रतिम आहे. हाताला मात्र त्याचा काही उपयोग नाही. मुलाचा हात आधी उभी-आडवी रेघ काढतो, तीन वर्षांच्या आसपास वर्तुळ पुरं करतो, चारच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, मग चौकोन. तिरप्या रेघांचा त्रिकोण पाचच्या पुढे. आता ‘अ’ काढून पाहा. वर एक वळण, खाली एक वळण, मधे जोड, शेजारी काना, डोक्यावर रेघ. एका अक्षरात हात कितीदा दिशा बदलतो! आणि पहिल्या दिवशी पाटीवर काढून देतो ते नेमकं हेच. ‘ट’ आणि ‘ठ’ त्या मानानं कितीतरी सोपे, कारण त्यांत जवळजवळ वर्तुळ आणि रेघ एवढंच आहे. ग, म, भ, न असा क्रम लावून शिकवणाऱ्या शिक्षकांनी निदान हाताचा विचार केलेला होता.

हे सगळं परदेशी पुस्तकांतून आलेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ताराबाई मोडकांकडे पाहावं. मुंबईत जन्मलेल्या, लग्नानंतर काही वर्षं आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला राहिलेल्या ताराबाई पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराच्या कामात शिरल्या. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत बालघर सुरू केलं होतं. त्यांच्या पद्धतीचा आणि साधनांचा गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनी कसून अभ्यास केला. त्यातलं एक साधन सांगतो. लाकडी ठोकळ्याला कमी-जास्त जाडीची भोकं असतात आणि त्यांत नेमके बसणारे दट्टे. प्रत्येक दट्ट्याला वर धरायला इवलीशी मूठ. मुलाला वाटतं आपण जाड-बारीक ओळखतो आहोत. हात त्याच वेळी ती मूठ तीन बोटांत धरायला शिकत असतो, पेन्सिल समोर येण्याच्या कितीतरी आधी. साधन सुरेखच आहे. पण कुशल सुतारानं मापात घडवायचं म्हणजे पैसे आले.

१९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि हा पैशाचा प्रश्न रोजचा झाला. असली साधनं खेड्यात कोण विकत घेणार? उत्तर दोघींनी आसपासच शोधलं: बिया, पानं, फुलं, शंख-शिंपले, दगड, माती. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी झालं. त्या नावामागे बोर्डीचं ते अंगण आहे. तेव्हा आपल्या गावातल्या अंगणवाडीत महागडी खेळणी नाहीत म्हणून हळहळण्याचं कारण नाही. खेळण्यांवाचून अडू नये, याच विचारातून ती जन्मली.

शिरपूरला समुद्र नाही, शिंपले नाहीत. पण तुरीच्या शेंगा आहेत. मार्गशीर्ष-पौषात घरोघरी तुरीचे सोले काढायला बसतात, तेव्हा चार-साडेचार वर्षांच्या मुलाला एक शेंग सोलताना नीट पाहावं. एका हातानं शेंग पक्की धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं शिवण दाबून फोडायची, मग दाणे न उडू देता खाली ढकलायचे. दोन हात दोन वेगळी कामं एका वेळी करतात. पुढे वही एका हातानं धरून दुसऱ्यानं लिहायचं असतं, कागद एका हातानं फिरवत दुसऱ्यानं कात्री चालवायची असते; त्या सगळ्याची तालीम त्या टोपल्यापाशी चालू असते. मेथी खुडणं, लसूण सोलणं, कणकेच्या गोळीचा साप करणं, उन्हाळ्यात शेवयांपाशी लुडबुड करणं हेही तसंच. आईला कामात अडथळा वाटतो, आणि तो असतोही. सोललेल्यापेक्षा सांडलेलं जास्त, हा हिशेब धरूनच मुलाला जवळ बसवावं.

मातीचं सांगायला हवं. आपली काळी माती चिकट, ओली असताना हव्या त्या आकारात वळणारी. पण सुकली की तडकणारी. पोळ्याला पोरांनी केलेल्या बैलाचं शिंग दुसऱ्या दिवशी गळून पडतं ते त्यामुळे. थोडी बारीक वाळू किंवा चुलीतली गार राख मिसळली तर तडे कमी जातात. बैल सुबक व्हावा ही अपेक्षाच नको. ओला गोळा दाबताना, मळताना, ओढताना तळहातातले जे स्नायू राबतात ते छापील चित्रात रंग भरून राबत नाहीत. माती उकिरड्याजवळची किंवा शौचाच्या जागेजवळची नसावी, खेळून झाल्यावर साबणानं हात धुवावेत आणि अंगणवाडीतून मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये. एवढं पाळलं तर मातीला घाबरण्यासारखं काही उरत नाही.

दाण्यांबद्दल मात्र कडक राहावं. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, हरभरे, मणी ठेवून कोणी उठून जाऊ नये. नाकात किंवा श्वासनळीत अडकलेला दाणा जिवावर बेतू शकतो. आणि आणखी एक. लहान बोटं चपळ असतात, म्हणून कपाशी वेचायला पोरं न्यावीत, असा विचार या वऱ्हाडात झालेला आहे. सोले काढायला हौसेनं बसलेलं मूल कंटाळलं की उठून पळतं. वेचणीला नेलेल्या मुलाला तसं उठता येत नाही. या पुस्तिकेतल्या कुठल्याही पानाचा आधार त्या दुसऱ्या गोष्टीसाठी कुणी घेऊ नये.

आता मोठ्या हालचाली. त्यांच्यासाठी गावात जागा आहे, फक्त आपण ती मुलांकडून काढून घेत चाललो आहोत. वावराच्या धुऱ्यावरून चालणं ही तोलाची उत्तम परीक्षा: अरुंद, उंचसखल, मधेच ढेकूळ. पांदणीतून चालताना चिखल टाळायला पाय कुठे टाकायचा हे दर पावलाला ठरवावं लागतं. ओट्याच्या पायऱ्या तीन वर्षांचं मूल एकाआड एक पाय टाकत चढतं. तसंच उतरायला साधारण चौथं वर्ष उजाडतं. एका पायावर उड्या चारच्या आसपास. लंगडी, ठिकरी, झाडाच्या खालच्या फांदीला लोंबकळणं, जुना टायर काठीनं पळवणं, छोटी बादली अर्धी भरून नेणं. लोंबकळणं म्हणजे पोरगं वाया चाललं असं समजणाऱ्या आजीला एवढंच सांगावं, की आजी, याचं अक्षर तिथूनच यायचं आहे.

भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे भुलाबाई बसते. त्या गाण्यांबरोबर समोरासमोर बसून ज्या टाळ्या आणि टिपऱ्या चालतात, त्यांत उजवा हात डावीकडे जातो आणि डावा उजवीकडे. हात असा शरीराच्या मध्यरेषेपलीकडे सहज जाणं ओळ सलग लिहायला उपयोगी पडतं. ज्या मुलाला ते जमत नाही ते कागदाच्या मधोमध पेन्सिल या हातातून त्या हातात घेतं. डावखुऱ्या मुलाचं हे नव्हे. त्याचा हात ठरलेला असतो. त्याला जेवण्यासाठी उजवा हात शिकवायचा की नाही हे घरानं ठरवावं, पण लिहिण्या-चितारण्यासाठी त्याचा हात बदलू नये.

भुलाबाईचा विषय निघाला म्हणून मुलींचं बोलतो. आपल्या घरांत बारीक कामं मुलींकडे जातात आणि मोठ्या हालचाली मुलांकडे. चार वर्षांची पोरगी मेथी खुडते, तिच्याएवढाच भाऊ गल्लीत धावतो. ती झाडावर चढली तर खाली उतरवतात. तो चढला तर कौतुक. परिणामी तिला बॉल झेलता येत नाही आणि त्याला बटण लावता येत नाही, आणि पुढे आपण हे दोन्ही निसर्गावर ढकलतो. घरात लसूण सोलायचा तर दोघांनी सोलावा, फांदीलाही दोघांनी लटकावं.

अगदी लहानग्यांच्या घरासाठी एक सूचना, थोडी विषयाबाहेरची. बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा चाकांचा वॉकर, ज्यात बाळ मधे बसतं, तो घेऊ नका. त्यात बाळ पायांच्या चवड्यांनी जमीन ढकलतं, स्वतःचा तोल सांभाळायचं काम त्याला पडतच नाही, आणि पायरीवरून वॉकरसकट कोसळण्याची भीती वेगळी. कॅनडानं २००४ मध्ये असल्या वॉकरवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा कितीतरी शहाणा: बाळ त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं असतं, तो ढकलतं आणि दमलं की सोडून खाली बसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली निदान ६० मिनिटं दम लागेल अशी, आणि बसून पडदा पाहणं एक तासाच्या वर जाऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. पिढीभरापूर्वी शिरपूरमध्ये हे वाचून लोक हसले असते. आज मोबाइल दाखवल्याशिवाय घास न घेणारं मूल गावातही दिसतं. त्यात आईबापांना झोडपण्यात अर्थ नाही. दिवसभर वावरात राबून आलेल्या बाईला अर्धा तास शांतता हवी असते. पण घास भरवताना तरी पडदा नको, कारण तेव्हा मुलाचे दोन्ही हात रिकामे राहतात. भाताचा घास चिमटीनं गोळा करून तोंडापर्यंत न सांडता नेणं हा दिवसातून दोन-तीनदा फुकट होणारा सराव आहे.

अंगणवाडीतल्या ताईंकडून काय मागावं, याबद्दल मी जरा सावध आहे. वजन-उंची घ्या, नोंदवह्या लिहा, मोबाइलवर माहिती भरा, आहार वाटा, गरोदर बायकांच्या घरी जा. त्यात आणखी रोज दहा नवे खेळ घ्या असं कोणी सांगितलं तर त्या वैतागतील, आणि त्यांचं बरोबर असेल. म्हणून या पुस्तिकेतला मला सर्वांत आवडलेला भाग खेळांचा नाही, रोजच्या व्यवहारांचा आहे. चटया मुलांनी अंथराव्यात आणि गुंडाळाव्यात. गुंडाळताना दोन्ही हात सारख्या जोरानं ढकलावे लागतात, नाहीतर चटई तिरपी जाते. आपलं ताट आपण न्यावं, मगानं पाणी ओतून हात धुवावेत, पाण्याची बाटली स्वतः उघडावी, चपला जोडीनं लावाव्यात. मदतनीस बाईंनी हे सगळं स्वतः केलं तर पाच मिनिटांत उरकतं. पोरं करतील तर वीस मिनिटं लागतील. त्या वीस मिनिटांना वाया गेलेला वेळ म्हणू नये, ही विनंती पर्यवेक्षिकांनाही आहे. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही मुलांचं शरीर सुदृढ आणि लवचीक व्हावं हे ध्येय अक्षर-अंकांच्या बरोबरीनं मांडलेलं आहे. तेव्हा ‘‘ताई शिकवत नाही, नुसती खेळवते’’ असं कोणी म्हटलं तर ताईंनी खुशाल त्याकडे बोट दाखवावं.

आणि जे मूल खेळतच नाही, कोपऱ्यात बसून राहतं, त्याला लगेच आळशी म्हणू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. रक्तच कमी असेल तर पोरगं धावेल कशाच्या जोरावर? अशा घरात आधी लोहाचं औषध, पालेभाजी, डाळ, गूळ-शेंगदाण्याचे लाडू (दाणा अडकू नये म्हणून चिक्की नव्हे, कूट करूनच), आणि मग धुरा.

एका बाबतीत माझं पुस्तिकेच्या संपादकांशी जमलं नाही. शेवटी त्यांनी वयानुसार कौशल्यांचा तक्ता दिला आहे: तीनला हे, चारला ते. वर मीही तशीच वयं सांगितली आहेत, म्हणून टीका थोडी अंगावर येते. पण असा तक्ता भिंतीवर लागला की शेजारच्या पोराशी तुलना सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या मुलांची हालचाल पाहून २००६ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने एवढा रुंद निघाला. काही मुलं तर हातापायांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. म्हणून तक्ता पुस्तिकेतच असू द्यावा, भिंतीवर नको.

तक्ता उपयोगी पडतो तो दुसऱ्या कामासाठी. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नाही, दीड वर्षाच्या आतच एक हात अजिबात वापरत नाही, सतत चवड्यांवर चालतं, येणारी गोष्ट करायचं विसरत चाललं आहे, चारपाच वर्षांचं होऊनही पायरीपायरीला पडतं, यातलं काही दिसलं तर वाट पाहत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतं, आणि गरज पडल्यास पुढच्या तपासणीसाठी व उपचारांसाठी पाठवण्याची तरतूद त्यात आहे. ताईंना विचारून पथकाची तारीख घ्यावी आणि त्या दिवशी मजुरी बुडाली तरी मुलाला घरी ठेवू नये. डॉक्टरांसमोर मूल बहुधा आईला चिकटून बसतं, काहीच करून दाखवत नाही. त्यासाठी ते घरी पायऱ्या कसं चढतं, वाटी कशी उचलतं, याचा मिनिटभराचा व्हिडिओ आधीच काढून न्यावा. मोबाइलचा हा वापर मला एकदम मान्य आहे.